काळं पडलेलं बोट

आज रविवार. सकाळी आईचं वर्षश्राद्ध झालं. दुपारी पाहुणे गेले. घरात मी एकटाच आहे, म्हणून शैलजा मॅडमच्या गौरवग्रंथासाठी मागितलेला हा लेख लिहायला बसलो.

त्यांची माझी पहिली भेट जुन्नरच्या महाविद्यालयात झाली; त्या तिथे प्राध्यापक होत्या. मी प्रयोगशाळेत परिचर म्हणून नवीन होतो. त्यांनी दगडी पाला आणायला सांगितला. आमच्या राजुरीत कोयता लागला की हाच पाला चुरडून लावतात. मी पारगावकडच्या उसाच्या बांधावरून पिशवीभर आणला. तिथे तणनाशक मारतात म्हणून मॅडमनी तो टाकून दिला, आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ पाला आणायला माझ्यासोबत एसटीने स्वतः डोंगरावरच्या आहुप्याला आल्या. त्या पाल्याच्या अर्कात चांदीचा क्षार मिसळून त्या चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करीत. फिकट द्रावण चहासारखं तांबूस झालं की त्यांचा चेहरा खुलायचा. त्या द्रावणाने प्रयोगातल्या उंदरांच्या जखमा लवकर भरत होत्या.

आईला शुगर होती. तिच्या पायाच्या बोटाला जखम झाली, तेव्हा मी ते औषध मागितलं.

"हे अजून माणसासाठी नाही. आईंना उद्याच दवाखान्यात न्या," मॅडम म्हणाल्या.

मला राग आला. प्रयोगशाळेतल्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची. मी एक बाटली घरी नेली. आईने विचारलं, चहा बाटलीत आणलास व्हय?

ते द्रावण शुद्ध केलेलं नव्हतं. त्यात उरलेल्या क्षाराने तिचं बोट काळं पडलं, लावताना माझीही बोटं. आई म्हणाली, "काळं पडलं म्हंजी गुण येतोय. म्याडमचं औषध लई जालीम हाय बाबा." मीही तेच धरून बसलो. त्या डागाखाली बोट सडत होतं. शेवटी पुण्याला नेऊन ते काढावं लागलं.

मॅडम दवाखान्यात आल्या. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"काय लावलं ते डॉक्टरांना खरं सांगा. बाटली माझ्या प्रयोगशाळेतली होती, हेही सांगा."

मी डॉक्टरांना फक्त पाला लावल्याचं सांगितलं. गावात मात्र म्याडमच्या औषधानं म्हातारीचं बोट गेलं, अशी बोलवा झाली. मी गप्प राहिलो. पुढे आई हृदयविकाराने गेली, पण गावातलं ते बोलणं तसंच राहिलं. मॅडमनी एकदाही विषय काढला नाही. दवाखान्यानंतर मी रजेवरून परतलो त्या सकाळी कपाटाची किल्ली त्यांनी नेहमीसारखी माझ्याच हातात दिली.

म्हणून सर्वांसमोर लिहितो. मॅडमनी औषध दिलं नव्हतं. त्यांनी नको म्हटलं होतं. मी ते चोरून नेलं.

मॅडम यंदा साठ वर्षांच्या झाल्या. त्यांचं औषध माणसांच्या कामी आलेलं त्यांना पाहायला मिळो, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं आहुप्याचा चढ त्यांना न थांबता चढता येवो.

ती बाटली इतके दिवस मोरीच्या फळीवर होती. आता तीन पाण्यांनी धुतली आणि पालथी घातली. उद्या प्रयोगशाळेच्या कपाटात परत ठेवायची आहे.