राजबिंड्याला आलेला नकार

माझा धाकटा भाऊ देखणा आहे, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. शाळेत असताना त्याच्या वर्गातल्या मुली उगाचच माझ्याशी मैत्री करायच्या. सगळे त्याला ‘राजबिंडा’ म्हणायचे. नुसतं रूपच नव्हतं, हातात कसबही होतं. सुतार वडिलांच्या हाताखाली रंधा मारत शिकला आणि पस्तिशीच्या आत स्वयंपाकघरातली कपाटं बनवणारा कारखाना उभा केला. हाताखाली चाळीस माणसं. आई म्हणायची, “याला नाही म्हणणारी अजून जन्माला यायचीय.”

तिला जन्माला येऊन तीस वर्षं झाली होती.

आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर पायाचे व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट घरी यायला लागली. आई तिला ‘व्यायामवाली’ म्हणे. दिसायला चारचौघींसारखी, पण बोलायला खमकी. आई कण्हायला लागली की म्हणायची, “ओरडा हवं तेवढं, पण पाय उचला.” आईला हसू यायचं, आणि पाय उचलला जायचा.

भाऊ रोज अकराला कारखान्यातून कसलेतरी कागद न्यायला घरी यायला लागला. आठवड्याभरात मी ओळखलं, गडी कामातून गेला.

आई काठी टेकत चालायला लागली त्या दिवशी त्याने व्यायामवालीला लग्नाचं विचारलं. ती गोंधळली. मग म्हणाली, “तुम्ही चांगले आहात. पण माझ्या मनात तसं काही नाही.”

“सहा महिने दे,” तो म्हणाला. “येईल मनात.”

तिने दिले. मनापासून दिले, हे मला सांगायलाच हवं. दर रविवारी दोघं भेटायचे. तिच्या खोलीचं दार घासत होतं ते याने उतरवून, तासून पुन्हा बसवलं. तिच्या वडिलांना दवाखान्यात नेलं. नवे सदरे शिवून घेतले, विनोद पाठ केले. चौथ्या महिन्यात मला राहवलं नाही, मी तिला गाठलं.

“त्याच्यात उणं काय आहे, सांग तरी!”

तिचे डोळे भरले. “काहीच उणं नाही, ताई. मीही स्वतःला तेच विचारते. माझी आई मला करंटी म्हणते. पण ते हात धरतात ना, तेव्हा मी मनातल्या मनात उद्याचे पेशंट मोजत असते. असं लग्न करून त्यांना फसवू?”

सहा महिने संपले. तिने पुन्हा नाही म्हटलं, या वेळी रडत. आणि हा माणूस हातचा गेला. जेवेना, दाढी करेना. एका मोठ्या इमारतीच्या कपाटांची मापं चुकली, दीडशे दारं वाया गेली. रोज संध्याकाळी ती काम करायची त्या दवाखान्यासमोर जाऊन उभा राहायचा. एकदा मीच त्याचं मनगट धरून ओढत परत आणलं.

“ती घाबरते रे तुला बघून!”

तो रस्त्यातच मटकन बसला. “मी काय करू, ताई? नाक बदलू? कारखाना विकू? एकदा कुणी सांगा तरी, काय कमी पडलं ते!”

महिन्याभरात तिने दुसऱ्या गावी नोकरी धरली. याला निरोपही धाडला नाही.

दोन वर्षं गेली. आईने हट्टाने एक मुलगी दाखवली. वकील, दिसायला नक्षत्रासारखी, बोलणं गोड. त्याच्याकडे बघताना तिचा चेहरा असा उजळायचा की मलाच भरून आलं. दोघं बाहेर जाऊन तासभर बोलून आले. ती गेल्यावर मी त्याच्या खोलीत डोकावले. पलंगाच्या कडेला बसला होता, बूट पायात तसेच.

“काय रे, कशी वाटली?”

“उत्तम आहे. हुशार आहे. माझ्यासारख्याला आणखी काय हवं?” तो म्हणाला. “पण आत काही हललंच नाही, ताई. खूप प्रयत्न केला. मेल्यासारखं शांत.”

मी त्याच्याशेजारी बसले.

“ती व्यायामवाली खरं बोलत होती तर,” तो म्हणाला. “आज कळलं. पण कळून तरी काय? ती थोडीच परत येणार आहे, आणि ही थोडीच आवडणार आहे?”

मी वाकले आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. त्याने मला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या घरी नकार कळवायला मीच गेले. दार तिनेच उघडलं, हसतमुखाने.