साखळीवाला डेल्बर्ट

डेल्बर्ट ह्रुस्का आणि मी नेब्रास्कातल्या आमच्या गावच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांत बावीस वर्षं साखळी धरत आलो. दहा यार्डांची साखळी, एका टोकाची काठी त्याची, दुसऱ्या टोकाची माझी. चार प्रयत्नांत चेंडू साखळीपलीकडे गेला नाही, तर तो समोरच्या संघाला मिळतो. साखळीवाल्याने हू की चू करायचं नाही, हा नियम. डेल्बर्टने तो इतका पाळला की स्वतःचा मुलगा लाइल खेळायचा तेव्हाही हा खांबासारखा उभा.

आता लाइल आमच्या शाळेच्या संघाचा प्रशिक्षक. तो चेंडू फेकवतच नाही, पोटाशी धरून पळवतो. लोक वैतागलेत. परवा दुपारी हरलो असतो तर त्याची गच्छंती ठरलेलीच होती.

आम्ही तीन गुणांनी पुढे, तीन मिनिटं उरलेली. समोरच्यांचा फेकणारा पोरगा भलताच तयारीचा. चेंडू त्याच्या हाती लागू द्यायचा नव्हता.

आमचा धिप्पाड ग्रेडी तिघांना फरफटत नऊ यार्ड गेला, आणि डेल्बर्टने काठी फेकून आरोळी ठोकली, "शाब्बास रे, लाइल!"

पंचांनी लगेच रुमाल टाकला. संघाला पंधरा यार्ड मागे जायची शिक्षा, डेल्बर्ट मैदानाबाहेर. त्याची काठी शाळेच्या बसचालकाने धरली.

"अहो बाबा!" लाइलने कपाळावर हात मारला.

आता तीन प्रयत्नांत सोळा यार्ड. "फेक ना आता, गाढवा!" सगळी गॅलरी ओरडत होती. त्या गर्दीत उभा राहून डेल्बर्ट एकटाच बेंबीच्या देठापासून ओरडला, "पळव रे! तुझं बरोबर आहे, पळव!"

सहा यार्ड. घड्याळ चालूच. मग सात. उरले तीन यार्ड आणि शेवटचा प्रयत्न. मग ढिगाऱ्याखालून ग्रेडी उठला आणि पंचांनी आम्हाला बोलावलं. मी साखळी ताणली. चेंडू वीतभर पुढे! मला नाचावंसं वाटत होतं, पण ओठ चावून गप्प राहिलो. आता उरलेला वेळ चेंडू आमच्याकडेच, जिंकलो की हो!

सामना संपताच लाइल कुंपण ओलांडून थेट बापाकडे गेला.

"पंधरा यार्ड घालवलेत माझे."

डेल्बर्टचा घसा पार बसला होता. त्याने नुसती मान खाली घातली.

"मी खेळायचो तेव्हा घरी जाऊन आईला विचारायचो," लाइल म्हणाला, "बाबांना आवडलं का गं?"

डेल्बर्टने त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. सोडेचना.