तुरीचा दाणा

येळवसेला, शेतातच पूजा-जेवण करायच्या मार्गशीर्ष अमावस्येला, युसूफ वडगावच्या रस्त्यानं जाणारा माणूस जेवल्याशिवाय सुटत नाही. मला तर एक बाई मोटारसायकलपुढं आडवीच आली. ओळख ना पाळख, पदर खोचलेला, हातात आंबिलीचा तांब्या.

"चला दादा शेतात. आज वाटंवरचं माणूस उपाशी जाऊ देत न्हाईत."

कडब्याच्या खोपीपाशी पंगत खिदळत बसली होती. भाज्या-शेंगांच्या मिसळीच्या भज्जीत या दिवशी हिरव्या तुरीचे दाणे मूठमूठ पडतात. पण यंदा ऐन फुलोऱ्यात धुकं पडलं आणि तुरीचा बहर झडला.

"आदी कवातरी यायची धुई. आता दरसालच यायलीय," ती वाढता वाढता म्हणाली. भज्जीत दाणे मोजकेच, मग तिनं त्या टंचाईचाच खेळ केला होता. ज्याच्या घासात तुरीचा दाणा लागेल, त्यानं हात वर करायचा.

आंबिलीचा दुसरा तांब्या रिचवल्यावर मी हात वर केला. पंगतीनं अशी आरोळी ठोकली की बैल दचकले. ती वाढायचं सोडून पळत आली.

"चावू नका दादा, बियाला लागतोय."

शिजलेला दाणा. माणसं पोट धरून लोळली, सगळ्यांत जास्त तीच. मीही हसत होतो, पण तो दाणा काही केल्या चावता येईना.