आप्पांची बसकी आणि तिचे दोन कार्बोरेटर

चालू गाडीभोवती किस्से जमत नाहीत. ती येते आणि जाते, तिच्याबद्दल कोण काय बोलणार? बंद गाडीची गोष्ट वेगळी. ती शेडमध्ये उभी राहिली की तिच्यावर धूळ बसते, धुळीवर कोंबडी बसते आणि भोवती आम्ही बसतो. मग काय, रोज एक किस्सा घेऊनच घरी जायचं.

शेड लोणखेड्याला, भटू आप्पांच्या घरामागे. आप्पा कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. माझं शहाद्यात स्पेअर पार्टचं दुकान आहे, सगळा माल ट्रॅक्टरचा. तरी मला तिथे ‘एक्स्पर्ट’ म्हणतात, यावरून बाकीच्यांची कल्पना करा! बाकीचे म्हणजे ढोरांचे डॉक्टर सुभाषराव आणि तळोद्याहून डोंगरात जीप चालवणारा जामसिंग.

गाडी आप्पांच्या वडिलांची, दादांची. जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार, लाल, दोनच सीटा, डोक्यावर छप्पर नाही. इतकी खाली की आत बसलेल्या माणसाला रस्त्यावरची शेळी समोरासमोर भेटते. गावाने तिचं नाव ठेवलं ‘बसकी’.

दादा दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुराळी होऊन ही बसकी घेऊन थोरल्या लेकीला, इंदूबाईंना, आणायला रनाळ्याला जायचे. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी आली नाही तर झाडाला बांधलेला झोकाही बरा दिसत नाही. दादा वारले. पुढच्या आखाजीला आप्पांना पेपर तपासायचे होते. त्यांनी भाड्याची एसी गाडी पाठवली, ड्रायव्हरसकट. इंदूबाईंनी ड्रायव्हरला पोटभर आमरस वाढला आणि गाडी रिकामी परत पाठवली. सोबत निरोप: “भाडानी गाडीमा मी येवाव नही. दादानी गाडी लई ये, मंग यीसू.”

तेव्हापासून बाई माहेरी आल्या नाहीत. आणि बसकी तर दादांच्या मागोमाग बंद पडलेली. हे सांगताना आप्पा चष्मा काढून पुसतात आणि आम्ही सगळे इंजिनात बघतो.

*

दोष कार्बोरेटरचा, यावर एकमत झालं. आमच्या मंडळात एकमत झालेला तो पहिला आणि शेवटचा मुद्दा!

बसकीला कार्बोरेटर दोन. दोन्हींची पार चाळण झालेली. आप्पांचं म्हणणं, मूळचेच खोलून नव्याने बांधायचे. माझं म्हणणं, व्हॅनचा एक बसवून मोकळं व्हायचं, तो माझ्याकडे पडून होता (हे कारण मी सांगितलं नाही). जामसिंग म्हणाला, “जीपना बसाडी द्या आप्पा. डोंगर चढी जाई!”

“अरे, मला डोंगर कुठे चढायचाय? मला बहिणीकडे जायचंय!”

“तोच तं मोठा डोंगर शे ना!”

वाद तापला. आप्पांनी फळ्यावर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण काढून दाखवलं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “पेशंटला आधी झालंय काय, ते कोणी पाहिलंय का?”

तेवढ्यात चहा घेऊन आप्पांच्या बायको, लता वहिनी आल्या. ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, “रनाळाले बस जास. मी दरसाल सांगस.”

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“बाईने गाडी आण म्हटलंय,” ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मग डॉक्टर म्हणाले, “बरं, मग ओरिजिनल की जीपचा?”

*

शेवटी ओरिजिनल ठरला. आप्पांच्या पुण्याच्या मुलाने परदेशातून सामान मागवलं. वॉशर, सुया, पॅकिंग, सगळं आलं. फक्त फ्लोट आले नाहीत. फ्लोट म्हणजे पेट्रोलच्या वाटीत तरंगणारा पितळी डबा. त्याला बारीक भोक पडलं की तो पेट्रोल पितो आणि बुडतो. मग जुनेच तपासायचे. गरम पाण्यात बुडवा, भोक असेल तर बुडबुडा येईल.

पातेलं कुठून आणणार? आप्पा गुपचूप वहिनींचं चहाचंच घेऊन आले.

वहिनी मागच्या दाराने आल्या तेव्हा चार पुरुष एका पातेल्यावर वाकून, श्वास रोखून बसलेले. “काय करी ऱ्हायनात?” त्यांनी विचारलं.

“बुडबुड्याची वाट बघतोय,” आप्पा म्हणाले. कॉलेजात हा माणूस डिपार्टमेंट सांभाळायचा!

बुडबुडा आला, भोक सापडलं, कथिलाचा डाग देऊन बुजवलं. पातेलं धुऊन जागेवर ठेवलं. धुऊन म्हणजे आमच्या मते धुऊन. संध्याकाळचा चहा आला. पहिला घोट घेऊन आम्ही कप खाली ठेवले. जामसिंगने मात्र कप संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, “वहिनी, आज चहाले ॲव्हरेज चांगला शे!”

*

कार्बोरेटर धुवायचा कशाने, यावर आप्पांनी अभ्यास सुरू केला. सुरतेला म्हणे एक यंत्र आहे, पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून मळ काढतं. आप्पा आणि मी सुरतेला गेलो. यंत्र बघितलं. यंत्रवाल्याने आमच्याकडे बघितलं. कार्बोरेटर घेऊन रविवारी या म्हणाला, आणि आम्ही परत आलो.

घरी बघतो तर तुळशीच्या ओट्यावर ऊन खात दोन्ही कार्बोरेटर! झळाळत होते. वहिनींनी देवाची भांडी घासायला काढली होती, त्यातच चिंच-मीठ लावून हेही घासून टाकले.

आप्पा ओट्यापाशी खाली बसले. हात लावायची हिंमत होईना. मग जवळ वाकून बघितलं आणि ओरडले, “हे पिवळं काय आहे?”

शेजारच्या आजी दर्शन घेऊन गेल्या होत्या. हळद-कुंकू दोघांनाही लावलेलं. उजव्याला फूलसुद्धा.

आप्पा टोकदार काडीने हळद कोरत बसले. संध्याकाळी शेजारच्या आजी परत आल्या. “भटू,” म्हणाल्या, “देव बठाडा का रे देव्हारामा?”

*

दोन कार्बोरेटर असले की दोघांनी सारखा श्वास घ्यायला लागतो. एकाने जास्त ओढला तर इंजिन लंगडतं. तो श्वास ऐकण्यासाठी साधा रबरी पाइप कानाला लावतात. आमच्या डॉक्टरांना साधं काही चालत नाही. त्यांनी बॅगेतून स्टेथोस्कोप काढला.

इंजिन धक्का मारून कसंबसं सुरू केलं होतं. डॉक्टर वाकले, उजवा ऐकला, डावा ऐकला, पुन्हा उजवा ऐकला. बाहेर त्यांना शोधत आलेला एक शेतकरी फाटकात उभा. त्याची म्हैस अडलेली आणि डॉक्टरांचा फोन बंद. तो बिचारा बघतोय, डॉक्टर मोटारीची छाती तपासतायत!

“डावा नीट खातोय,” डॉक्टरांनी निदान केलं. “उजवा उपाशी आहे.”

शेतकऱ्याचा धीर सुटला. “डॉक्टर, हाई उपाशी ऱ्ही तं मरावं नही. मन्ही म्हैस मरी जाई!”

डॉक्टर स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून पळाले. म्हैस सुटली, पारडू झालं, पेढे आले. उजवा कार्बोरेटर उपाशीच राहिला.

*

आणि एक दिवस बसकी चालली! अंगणातून निघून रस्त्यावर गेली, उसाच्या ट्रॅक्टरमागून वळून परत आली. आप्पा रडले. खोटं कशाला सांगू, मीही रडलो.

फक्त एक होतं. चोकचं बटण ओढून धरलं तरच चालायची. सोडलं की बंद. आप्पांचे दोन्ही हात स्टिअरिंगला, म्हणून शेजारी बसून बटण मी धरायचो. आठ दिवस आम्ही असेच फिरलो. लोक हात करायचे. आखाजी जवळ आलेली, आम्ही खुशीत.

वहिनींनी दारात उभं राहून विचारलं, “सीटा दोनच ना?”

“दोनच.”

“एकीवर तुम्ही. एकीवर चोक धराले हाई भाऊ. मंग बाई कोठे बसतीन?”

एवढी डोकी, त्यात एक फिजिक्सचं, आणि कोणाच्याही लक्षात आलेलं नाही! अखेर जामसिंगने दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून बटणाला लावला. चिमट्याने चोक धरला. ठरलं. जाताना सोबतीला मी बसेन आणि येताना माझी जागा इंदूबाईंना देऊन बसने परतेन.

“म्हणजे बस जास ना रनाळाहून?” वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

आखाजीचा दिवस. आप्पांनी दादांचा फेटा बांधला. आम्ही निघालो. प्रकाशाचा पूल ओलांडला, नंदुरबार मागे टाकलं. बसकी अशी पळत होती की आप्पा शीळ घालायला लागले. आणि रनाळ्याची घरं दिसायला लागली तशी ती खोकली, हुंदकली आणि निंबाखाली थांबली. चिमटा, सुई, फ्लोट, सगळं बघितलं. दोन्ही कार्बोरेटर आता सारखे उपाशी.

“आप्पा, घर ते बघा,” मी म्हणालो. “चालत जाऊ.”

“नाही.”

“अहो, हाक मारली तर ऐकू जाईल!”

“तिने गाडी घेऊन ये म्हटलंय,” आप्पा म्हणाले आणि स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. घामाने फेटा भिजलेला. मला त्यांचा राग आला आणि कीवही. मग मीच चालत गेलो.

इंदूबाई ओट्यावर कैऱ्या चिरत होत्या. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी विळी बाजूला केली, पदर खोचला, आत जाऊन लुगडं बदलून पिशवी घेऊन आल्या आणि अंगणातल्या ट्रॅक्टरवर चढल्या. नवरा गेल्यापासून शेती त्याच बघतात. मी मडगार्डवर बसलो.

निंबाखाली त्यांनी दोर काढला, एक टोक ट्रॅक्टरला, एक बसकीला बांधलं. आप्पा उतरायला लागले.

“उतरू नको,” इंदूबाई म्हणाल्या. “स्टेरिंग धर.”

भाऊ-बहीण इतक्या वर्षांनी एवढंच बोलले. मग रनाळ्यापासून लोणखेड्यापर्यंत पुढे ट्रॅक्टर, मागे दोरावर बसकी, आत फेटा बांधलेले आप्पा. नंदुरबारच्या चौकात लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुलावर मी मागे वळून बघितलं तर आप्पा एका हाताने डोळे पुसत होते, आणि बाईंनी ट्रॅक्टर आणखी हळू केला.

दारात सगळं गाव लोटलेलं. लता वहिनी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाल्या आणि ट्रॅक्टरवरून उतरलेल्या इंदूबाईंवरून ओवाळायला हात उचलला. बाईंनी तो हात धरला आणि मागे बसकीतल्या आप्पांकडे वळवला.

“मन्हावरथून काय ओवाळस, लता? त्याले ओवाळ. आज मायेरले तो उना. मुराळी तं मी शे!”