गोशाळेतला गायनवर्ग

चंद्रभान मास्तरांबद्दल खरं तर दुसऱ्या कुणी लिहायला हवं होतं. आमच्या शाळेत चांगलं लिहिणारे होते. ते आता राहिले नाहीत. मी गणित शिकवायचो. जमेल तसं सांगतो.

निजामाच्या अमलातली गोष्ट. मानवतला आमची खासगी मराठी शाळा होती. सरकार ती चालू देत होतं हेच पुष्कळ. वर पैसे मागायची कुणाची छाती नव्हती. शाळा चालायची आडत्यांच्या वर्गणीवर. चंद्रभान मास्तर भाषा शिकवत, पण जीव सगळा गाण्यात. शाळेत गाण्याचा एक वर्ग असावा, पेटी-तबला असावा, एवढंच त्यांचं मागणं.

शाळेचे अध्यक्ष बन्सीधरशेठ कापसाचे मोठे आडते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगं हिशेब शिकलं तर दुकानात बसेल. गाणं शिकलं तर कुठं बसेल, मास्तर?"

मास्तर नमस्कार करून उठले.

मग आम्ही दोघं चारठाण्याकडच्या एका जमीनदारांकडे गेलो. आबासाहेब त्यांचं नाव. 'गाण्यासाठी मदत' एवढं ऐकताच ते लोडावरून उठून बसले.

"द्यायचीच की! बाई कुठली आणायलाव?"

"बाई नाही, आबासाहेब. मुलं गातील."

"बाईची?"

"शाळेतली. शेतकऱ्यांची, धनगरांची."

आबासाहेबांनी पानाचा डबा मिटला. "मंग त्याला पैसे कशाला? ते तर मेंढरामागंबी गातेत." चहा मात्र त्यांनी चांगला पाजला.

आता राहिला होता धर्मादाय. आमच्या बाजारात कापसाची गाडी विकली की शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीतून थोडी रक्कम धर्मासाठी कापून घेत. शेतकऱ्याला कुणी विचारत नसे. पैसा त्याचा जाई आणि पुण्य आडत्याला लागे. त्या पैशातून पाणपोई चाले, पाखरांना दाणे पडत आणि गावाबाहेरची गोशाळा चाले. मास्तर पुन्हा शेठजींच्या पेढीवर गेले.

"धर्मादाय मुक्या जिवांसाठी असतो," शेठ म्हणाले. "तुमची पोरं मुकी आहेत का?"

"वर्ग निघाला नाही तर तशीच राहतील."

गादीवरचे दोघे-तिघे हसले. शेठ हसले नाहीत. मग मास्तर घाईघाईनं बोलून गेले, "शेठजी, बासरी ऐकून गोकुळातल्या गायी पान्हा सोडायच्या. आपल्या गोशाळेत कुणी काही ऐकवतं का?"

बन्सीधरशेठ व्यवहारात सख्ख्या भावावर विश्वास ठेवत नसत, पण धर्माच्या नावानं त्यांना काहीही पटे. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "रोज दिवेलागणीला गायींना गाणं झालं पाहिजे. नियम म्हणजे नियम. खंड पडायचा नाही."

"एवढ्या गायींना माझा एकट्याचा आवाज कसा पुरेल? सोबत मुलं लागतील."

"घ्या की."

अशी पेटी आली, तबला आला आणि गायनवर्ग गोशाळेत सुरू झाला. गायी राखणारा आश्रुबा पहिल्या दिवशी बराच वेळ बघत उभा राहिला.

"मास्तर, ह्या समद्या भाकड हायत. गानं ऐकून दूध कुठलं देतेत? शेन देतील."

"आश्रुबा, शेण वाढलं तरी शेठजींच्या कानावर घाल बाबा."

गोवऱ्यांच्या धुरात बसून मुलं आधी भूप शिकली, मग यमन. ज्या आया पोराला गाण्याला पाठवायला तयार नव्हत्या, त्या गायीच्या सेवेला आनंदानं पाठवू लागल्या. गायी रवंथ करत. इतका शांत श्रोता मास्तरांना पुढंही कधी मिळाला नाही.

दोन वर्षांनी एक भाकड म्हणून सोडलेली गाय व्याली. कुंपण एका बाजूनं पडलेलं होतं आणि बाजारातला वळू तिथून खुशाल ये-जा करायचा, हे आश्रुबा ओरडून सांगत होता. त्याचं कोण ऐकतं? शेठजींनी पेढे वाटले. लोक थेट पिंगळीहून आपल्या गाभण न राहणाऱ्या गायी गाणं ऐकवायला आणू लागले. चंद्रभान मास्तरांना गावात 'गायीवाले मास्तर' असं नाव पडलं. ते खाली मान घालून गायींच्या वयाची चौकशी करत आणि मुलांना म्हणत, "हं, पुन्हा गंधारापासून."

पुढं महायुद्धाच्या लढाईत कापसाला भाव चढला. शेठजींना वडिलांचं नाव राहील असं काही करावंसं वाटलं आणि शाळेत गायनाचा वर्ग काढायचा ठराव झाला. वेगळी खोली, नवी पेटी, दारावर वडिलांच्या नावाची फरशी. उद्घाटनाला मास्तर धुतलेला कोट घालून पुढच्या रांगेत बसले. शेठजींनी उभं राहून जाहीर केलं की शिकवायला हैदराबादहून एक गवई येत आहेत.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर त्यांच्याजवळ गेले. "शेठजी, मग मी?"

"तुम्हाला कोण काढतंय? गायींचा नियम आहे. धर्माचं काम एकदा धरलं की सोडता येत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि मास्तर, गायींना गाऊन दाखवणाऱ्याच्या हाती पोरं दिली, तर लोक शाळेला काय म्हणतील?"

मला राग आला होता. बाहेर आल्यावर मी काही बोलणार, तर तेच म्हणाले, "वर्ग निघाला ना? पेटी ऐकलीत? काय सुरात लागलीय!"

नव्या वर्गाची वेळ दिवेलागणीचीच ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मुलं तिकडे गेली आणि मास्तर एकटे गोशाळेकडे निघाले. मीही मागून गेलो. त्यांनी गोणपाट झटकून अंथरलं, पेटी पुढं ओढली आणि सवयीनं मुलांना पोचेल अशा वरच्या पट्टीत सूर लावला.

आश्रुबा गव्हाणीपासून उठून आला. "मास्तर, आज पोरं न्हाईत. जरा हळू म्हना की. लय वर्सं झाली, ह्या म्हाताऱ्यांना निवांत झोप न्हाई."

मास्तर थांबले. मग पट्टी उतरवून, अगदी हलक्या आवाजात, त्यांनी पहिल्यांदाच निव्वळ गायींसाठी गाणं म्हटलं.