मेंदूतला श्वान

पटले मॅडम उत्तर चुकलेल्या पोराला कधी मारत नसत. त्याचं नाव बदलत. आणि एकदा बदललं की बारावी संपेपर्यंत तेच. माझं नाव त्यांनी ठेवलं होतं श्वान.

मी दवनीवाड्याच्या मराठी शाळेतून गोंदियाच्या कॉलेजात आलो होतो. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी विचारलं, मेंदूतल्या नसांवरचं आवरण कोण तयार करतं? कुठंतरी वाचलेलं एक नाव आठवलं, ठोकून दिलं, "श्वान पेशी." चूकच होतं. श्वान पेशी मेंदूबाहेरच्या नसांना गुंडाळतात; मेंदूत ते काम ऑलिगोडेंड्रोसाइट करतात. पण तेवढं सांगून थांबतील तर त्या मॅडम कसल्या!

"मेंदूत कुत्रा पाळला काय रे तू? भुंक मंग!"

वर्ग खदाखदा हसला. त्या वाट बघत उभ्या राहिल्या. मी भुंकलो. खरंच भुंकलो हो!

शिकवायच्या मात्र झकास, उगाच खोटं कशाला बोलू? चिडल्या किंवा रंगात आल्या की प्रमाण मराठी सुटायची. "वायर नंगी झाली का करंट निघते, पर पोचत नाही. ऑलिगो म्हणजे घरातली बाई. एकटी कितीतरी तारा गुंडाळून राहिली, पर तिचं नाव कोणी घेत नाही. ती बसली का घर बसलं!" त्यांची मुलगी स्वाती आमच्याच वर्गात, पहिल्या बाकावर. वर्गात तीही त्यांना मॅडमच म्हणायची. तिचं उत्तर कधी चुकलं नाही, म्हणून तिचं नाव कधी बदललं नाही.

आता गोंदियाजवळ मुर्रीला माझं औषधाचं दुकान आहे, मागच्या गल्लीत मॅडमचं घर. त्यांना अल्झायमर झालाय हे चिठ्ठीवरच्या गोळ्यांवरून कळलं, आणि स्पष्ट सांगतो, मला बरं वाटलं. चिठ्ठी घेऊन स्वाती आली होती, पुण्याची नोकरी सोडून. नागपूरच्या डॉक्टरांनी तिला समजावलं होतं की या आजारात नसांना गुंडाळणाऱ्या त्या पेशीही बिघडतात, आवरण झिजतं, निरोप वाटेतच राहतात. डॉक्टरांच्याही हे हल्ली हल्लीच लक्षात यायला लागलंय.

"आईनंच शिकवलं होतं रे हे," ती म्हणाली. "आता मला 'बाई' म्हणते. एकदा नावानं हाक मारावी तिनं. बस, एकदा."

संध्याकाळी गोळ्या द्यायला घरी गेलो. मॅडम व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. मला बघताच डोळे लकाकले.

"श्वान! उशीर काऊन झाला?"

स्वातीचं तोंड पांढरंफटक पडलं. पोटची पोर पुसली गेली होती आणि भुंकवलेलं पोर शाबूत होतं. मला हसू आलं.

स्वातीनं ओढणी सारखी केली, हात मागे बांधले आणि खुर्चीसमोर उभी राहिली. "मॅडम, मला विचारा ना प्रश्न."

मॅडम ताठ बसल्या. "मेंदूतल्या नसांवरचं आवरण कोण तयार करते?"

जन्मात चुकीचं उत्तर न दिलेली ती पोर म्हणाली, "श्वान पेशी."

"मेंदूत कुत्रा पाळला काय व तू?" मॅडम कडाडल्या. "भुंक!"

स्वातीनं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतली गोळ्यांची पाकिटं मोजत राहिलो. माझ्या वेळी कोण मध्ये पडलं होतं? ती भुंकली. बारीक आवाजात, रडत रडत. मॅडम तिच्याकडे टक लावून बघायला लागल्या. कपाळावर आठी चढली, ओठ हलले. आठवलं वाटतं, असं मलाही वाटून गेलं.

स्वाती पुढे सरकली. गुडघ्यांवर बसली. "बोल ना आई. माझं नाव काय?"

"नाव गेलं चुलीत," मॅडम म्हणाल्या. "उद्या तुह्या आईले घेऊन ये. आईशिवाय वर्गात पाय ठेवू नको."

"हो मॅडम," स्वाती म्हणाली.