पाण्याचं पाण्याला

तळ्याच्या घाटावर लोखंडी फाटक बसलं, त्या दिवशी आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो हा, की यात कुणाचा फायदा? केंदाळ थांबावं म्हणून फाटक बसवलंय, यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास बसला नाही. सरळ गोष्ट सरळ मानणारा माणूस आमच्या घरात जन्मलेलाच नाही, आणि मी तर सगळ्यांच्या वरताण. दूधवाल्यानं एखाद्या दिवशी माप जरा जास्त घातलं, तर मला वाटतं आज पाणी जास्त असणार.

केंदाळ म्हणजे जलपर्णी. आदल्या वर्षी तिनं आमच्या गावचं तळं काठापासून काठापर्यंत झाकून टाकलं होतं. जाळं ओढलं की मासळीऐवजी मुळ्यांचे झुबके वर यायचे. नगरपालिकेनं मशीन लावून ती काढली आणि मग नियम आले. बाहेरच्या तळ्यात फिरून आलेली होडी इथं उतरणार नाही, कारण होडीला चिकटून एक काडी आली तरी पुन्हा तळं भरायला पुरते. इथल्या होड्यांनी फाटकातूनच जायचं, तेही ठरलेल्या दिवशीच. आणि ज्याच्यामुळं केंदाळ परत आलं असं दिसेल, त्याची होडी कायमची बंद.

या शेवटच्या नियमानं आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, झोप उडाली. त्यांचं सगळं आयुष्य त्या तळ्यावर गेलेलं. त्यांची होडी म्हणजे थर्माकोलचे ठोकळे जुन्या जाळ्यात आवळून केलेला तराफा, पण घरात त्याला तराफा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. "होडी म्हन," असं ते मला लहानपणापासून दटावत आले.

"उद्या कुनीबी काडी टाकंल आन् नाव आमचं घील," ते म्हणाले. "ह्यांना हितं हॉटेल काढायचं असंल. सायबांची पोरं बोटीत बसतेली आन् आमी काठावर बसून टाळ्या वाजवायच्या."

मलाही तेच वाटत होतं. फाटकावर एक राखणदार बसवला होता, गळ्यात शिट्टी अडकवलेला. तो भला माणूस होता, येडशीला शाळेत शिकवायला जाताना मला रोज "जाता का मॅडम?" म्हणून विचारायचा. मी एवढ्यावरनंच ठरवून टाकलं की हा कुणाचा तरी हेर आहे.

मासे धरायचे दिवस कमी झाले, पण माय घरात बसणारी नव्हती. आठवडी बाजारात तिची ठरलेली जागा होती आणि ठरलेली गिऱ्हाइकं होती. जागा एकदा गेली की परत मिळत नाही, म्हणून ती लांबच्या धरणावर जाऊन ठेकेदाराकडून कटला, चिलापी घेऊ लागली. पाटीत मासळी, वर धरणातलाच ओला पाला आणि त्यावर भिजवलेलं पोतं. पाल्यानं मासळी दिवसभर गार राहते, हे तिच्या सासूनं तिला शिकवलेलं. बाजारातनं आली की बायकांच्या धुण्याच्या दगडावर बसून तळ्यात पाटी धुवायची. ही जागा घाटापासून बरीच लांब, बाभळीच्या आड. तिथं फाटक नाही की शिट्टी नाही.

तिची आणखी एक रीत होती. पाण्यातनं आलेली कुठलीच गोष्ट ती उकिरड्यावर टाकत नसे. खवले, पाला, बाजारात न खपलेली मेलेली मासोळी, सगळं हात जोडून तळ्यात सोडायची. "पान्याचं पान्याला द्यावं, बाय. उकिरड्यावर टाकलं तर पानी रुसतंय." मी तिला यावरून कितीदा चिडवलंय.

पावसाळा सरला आणि केंदाळ परत दिसलं. चार पानांचे हिरवे झुबके, मधे एक जांभळं फूल. मग काय विचारता! जो तो दुसऱ्याच्या होडीकडं बघायला लागला. काल एका विडीवर दोघं भागवणारे आज एकमेकांची जाळी हुंगून बघू लागले. एकजण चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "फाटकाला शिव्या कोन देत होतं, ते आठवा." सगळ्यांना आठवलं. सगळ्यात जास्त शिव्या आण्णांच्या होत्या.

आण्णा त्यावर काहीच बोलले नाहीत, आणि इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. उत्तर न देणारे आण्णा मी कधी पाहिलेलेच नव्हते.

मग मी लक्ष ठेवायला लागले. ते उजाडायच्या आत उठून जायचे आणि गुडघ्यापर्यंत भिजून परत यायचे. होडी तर फाटकात बांधलेली होती, मग भिजायचं काय कारण? एकदा परसात, पत्र्याच्या मागं, मला एक पोतं सापडलं. उघडलं तर आत केंदाळ. रागाच्या भरात त्यांनीच हे केलं, अशी माझी खात्री पटली. तुमी आमचं तळं बंद करता काय, मग बसा केंदाळ काढत, असं म्हणण्याइतका त्यांचा स्वभाव तिरसट आहे. माझाही आहे, म्हणून तर मला कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या मागं गेले. ते घाटाकडं वळलेच नाहीत. बाभळीतनं थेट बायकांच्या दगडाकडं गेले, धोतर खोचून पाण्यात उतरले आणि वाकून, चाचपत, एकेक झुबका मुळासकट उपटून पोत्यात भरू लागले. तळ्यात दुसरीकडं एखाददुसराच झुबका होता. इथं दगडाभोवती दाटी झाली होती.

"आण्णा!"

ते दचकले. मला बघून पुन्हा वाकले.

"आलीस व्हय पाळतीवर? मला वाटलंच हुतं."

मी दगडाकडं बघितलं. दगडाच्या खाचेत मासळीचे खवले चिकटले होते. बाजारातनं येऊन तिथं कोण बसतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पाटीवरचा धरणातला पाला, त्यात गुंतून येणाऱ्या केंदाळाच्या काड्या, जोडलेले हात, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मला रडूच फुटलं.

"मायला सांगा की मग."

"न्हाय." ते पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघून बोलले. "ती ह्या तळ्याला देव मानती. तिला कळलं तर पुन्ना पान्यात पाय घालायची न्हाय. तू बी तोंड उघडायचं न्हाय."

"आन् तुमची होडी?"

त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं आणि ते खांद्यावर टाकलं. त्यानंतर आठवडाही गेला नसेल, राखणदारानं त्यांना केंदाळानं भरलेल्या पोत्यासकट धरलं. हे कुठनं आलं, कशाला नेता, असं नगरपालिकेच्या साहेबांनी नाना परींनी विचारलं. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. ते खाली मान घालून उभे राहिले. लोकांना हवा होता तो चोर सापडला आणि आण्णांची होडी फाटकाबाहेर काढली गेली. ज्याला मी हेर म्हणत होते, त्या राखणदारानंच ती घरापर्यंत ओढून आणायला हात लावला. आता ती परसातल्या भिंतीला टेकवलेली असते. तिच्या आडोशाला कोंबड्या अंडी घालतात.

आण्णा आता मायसोबत बाजारात जातात. तिला पाला घेऊ देत नाहीत, बर्फ घ्यायला लावतात. बाजारातनं आलं की तिच्या हातातनं पाटी घेतात आणि दारातल्या नळावर स्वतः घासून धुतात. आमच्यात गड्यानं मासळीची पाटी धुतलेली कुणी पाहिलेली नाही. गल्ली हसते. मायला तर भलताच संशय.

"एवढं प्रेम कशाचं उतू चाललंय? कुटं काय करून ठिवलंय का?" ती मला आतल्या खोलीत विचारते.

तळं आता बरंच निवळलंय. तरी दुपारी दारात बसली की मायची नजर त्या भिंतीला टेकवलेल्या होडीवर जाते आणि मग तिचं तोंड सुटतं.

"ज्यानं केंदाळ आनलं आन् माज्या मानसावर आळ घातला, त्याच्या हाताला किडं पडतेल. त्याचं वाटुळं हुईल."

नळावर पाटी घासणारे आण्णा ताडकन उठतात. एरवी तिच्या शिव्यांना हसणारा हा माणूस ओल्या हातांनी तिच्यासमोर येऊन उभा राहतो.

"आसं बोलू नगंस," ते म्हणतात. "तुला माजी आन हाय. त्येला शाप दिऊ नगंस."